स्तनाचा कॅन्सर: रिपोर्टमधली अक्षरं, पेशीतली यंत्रणा आणि नवी औषधं (नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरातल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत मी काम करते. काउंटरपलीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. विचारणारे गडचिरोली-चंद्रपूरचे असतात, गोंदिया-भंडाऱ्याचे असतात, छिंदवाडा-बालाघाटहून आलेलेही असतात. बहुतेकांना आधी नव्या औषधाचं नाव हवं असतं. माझा क्रम उलटा आहे. गाठीचा तुकडा नीट हाताळला गेला का, त्यावरच्या तपासण्या नीट झाल्या का, हे आधी पाहायचं. ते चुकलं तर जगातलं सगळ्यात महाग औषधही चुकीच्या बाईला दिलं जातं, नाहीतर योग्य बाईला मिळतच नाही. उपचार ठरवतील तुमचे ऑन्कोलॉजिस्ट. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, एवढ्यापुरतं हे पान आहे.

बायोप्सीत कॅन्सर आहे असं आलंच आहे. मग पुन्हा आयएचसीचे पैसे कशाला?

"गाठ तर काढून टाकली मॅडम, आता आणखी काय पाहून राहिले?" हा प्रश्न कित्येकदा ऐकते, आणि त्यातला राग मला समजतो. पहिला रिपोर्ट येईपर्यंतच घरातले पैसे संपत आलेले असतात.

पण 'स्तनाचा कॅन्सर' या एका नावाखाली निदान चार वेगळे आजार आहेत. सन २००० मध्ये चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या गाठींमधल्या हजारो जनुकांचा कामकाजाचा नकाशा काढला, तेव्हा दुर्बिणीखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगवेगळ्या निघाल्या. रोज प्रत्येक रुग्णाचा असा नकाशा काढणं परवडत नाही, म्हणून आपण त्याची सोपी आवृत्ती वापरतो. मेणात बसवलेल्या तुकड्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, त्यावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडायची आणि प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो का ते पाहायचं. हीच आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांचे रिसेप्टर), हर-टू आणि केआय-६७ (पेशी किती वेगाने विभागतात ते दाखवणारं) हे तिचे नेहमीचे चार मार्कर, म्हणजे शोधायची प्रथिनं.

या चारांवर पुढचं सगळं ठरतं: किमो लागेल का, हार्मोनची गोळी चालेल का, अँटिबॉडीचं इंजेक्शन द्यायचं का, आणि ऑपरेशन आधी की औषध आधी. म्हणून खर्च वाचवायचा असेल तर तो इथे वाचवू नये, असं माझं ठाम मत आहे.

ईआर पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं की वाईट?

बहुतेक वेळा त्यातल्या त्यात बरं. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात असतं. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, ते डीएनएच्या ठरावीक जागी जाऊन बसतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. सायक्लिन डी-१ हे त्यातलं महत्त्वाचं. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. पेशींपैकी १ टक्का पेशींच्या केंद्रकात जरी रंग दिसला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरला जातो. १ ते १० टक्क्यांच्या मधल्या गाठींना 'लो पॉझिटिव्ह' म्हणतात. त्यांचं वागणं बरेचदा निगेटिव्हसारखं असतं, म्हणून टक्केवारी विचारा. नुसतं 'पॉझिटिव्ह' पुरत नाही.

गंमत अशी, की हा उपचार हार्मोनचा शोध लागायच्या आधीपासूनचा आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचे बीजकोश काढले, तेव्हा काहींच्या गाठी आक्रसल्या. का, हे त्याला सांगता येत नव्हतं. पुढे टॅमॉक्सिफेन आलं. १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते रिसेप्टरवर स्वतः जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनची जागा अडवतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्यांचा मार्ग वेगळा आहे. पाळी गेल्यानंतर शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन तयार होतं, ते बनवणारं अरोमाटेज हे एन्झाइम त्या बंद करतात. पाळी चालू असेल तर बीजकोश इस्ट्रोजेन बनवतच राहतात, त्यामुळे या गोळ्या एकट्या पुरत नाहीत. बीजकोश शांत करणारं इंजेक्शन सोबत द्यावं लागतं. शेजारच्या काकूंना लेट्रोझोल आणि मला टॅमॉक्सिफेन का, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. इतक्या स्वस्त गोळीचा इतका मोठा फायदा कॅन्सरच्या जगात फार थोड्या ठिकाणी दिसतो. आणि हीच गोळी सगळ्यात आधी सोडली जाते. अंगातून गरम वाफा निघतात, सांधे धरतात, शिवाय 'आता तर बरं वाटते' असं घरचेही म्हणतात. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते. गुपचूप बंद करू नका. टॅमॉक्सिफेन घेताना, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा एका पायाला अचानक सूज आली, तर लगेच दाखवा.

हर-टूमध्ये २+ लिहिलं आहे. हे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

दोन्ही नाही. पुढची तपासणी होईपर्यंत ते उत्तर अर्धवट आहे.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे. निरोगी पेशीवरही ते थोडं असतं. १७व्या क्रोमोसोमवरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या, की प्रथिनाची पृष्ठभागावर गर्दी होते. ती प्रथिनं एकमेकांशी जोड्या जुळवतात आणि 'विभाजन कर' हा निरोप आत अखंड जात राहतो. अशा गाठी साधारण १५ ते २० टक्के. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन यांच्या गटाने दाखवलं की ज्यांच्यात या जनुकाच्या प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो. त्यातूनच ट्रास्टुझुमॅब आलं. त्याला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही अँटिबॉडी हर-टूला चिकटते, आतला निरोप तोडते आणि आपल्या प्रतिकारपेशींना ती पेशी दाखवूनही देते. पर्टुझुमॅब त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला धरतं आणि जोडी जुळूच देत नाही, म्हणून दोन्ही एकत्र दिली जातात. एकेकाळी सर्वांत वाईट समजला जाणारा हा प्रकार या औषधांमुळे आज बराच आटोक्यात येतो. २०१४ पासून भारतात बनलेली ट्रास्टुझुमॅबची बायोसिमिलर (मूळ औषधाशी जवळजवळ सारखी) औषधं मिळू लागली आणि किंमत उतरली. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधून मधून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. तो टाळू नका.

रिपोर्टवर ३+ असेल तर पॉझिटिव्ह. ० किंवा १+ असेल तर जुन्या हिशेबाने निगेटिव्ह. २+ असेल तर फिश नावाची तपासणी करायची. तिच्यात प्रथिन पाहत नाहीत, थेट जनुकाच्या प्रती रंगीत ठिपक्यांनी मोजतात. ही तपासणी महाग आहे आणि प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, म्हणून इथेच फाइल अडकते. २+ वर थांबलेला रिपोर्ट घेऊन किमो सुरू झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यातल्या काहींना ट्रास्टुझुमॅब लागलं असतं.

'हर-टू लो' हे नवीन काय निघालं?

हे खरंच नवीन आहे. १+, किंवा २+ असून फिश निगेटिव्ह, अशा गाठींना ट्रास्टुझुमॅबचा उपयोग होत नाही, म्हणून त्या सरळ निगेटिव्हच्या ढिगात जात. मग ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन आलं. यात अँटिबॉडीच्या एका रेणूला किमोचे सुमारे आठ रेणू एका दुव्याने बांधलेले असतात. अँटिबॉडी हर-टूला चिकटते, पेशी ती आत ओढून घेते, दुवा आत तुटतो आणि किमो मोकळी होते. ती पेशीबाहेर झिरपून शेजारच्या, हर-टू नसलेल्या पेशींनाही मारते. म्हणून इथे हर-टूची गर्दी लागत नाही, पेशीत शिरायला थोडंसं हर-टू पुरतं.

२०२२ मध्ये डेस्टिनी-ब्रेस्ट०४ या चाचणीचे निकाल आले. पसरलेल्या हर-टू लो आजारात मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान जितका काळ जगतात तो काळ) नेहमीच्या किमोवर १६.८ महिने होतं, या औषधावर २३.४ महिने. हे बरं होणं नव्हे, पण अशा टप्प्यावर साडेसहा महिने म्हणजे एखाद्या घरात मुलीची बारावी असते. २०२४ च्या पुढच्या चाचणीने ही हद्द १+ च्याही खाली, अगदी पुसट रंगापर्यंत नेली.

परिणाम असा झाला, की '०' आणि '१+' मधला फरक, ज्याकडे आम्ही पॅथॉलॉजीवाले फारसं लक्ष देत नव्हतो, तो आता औषध ठरवतो. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'निगेटिव्ह' असेल तर आकडा लिहून मागा. औषध भारतात मिळतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क काढलं, तरी किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे. फुप्फुसांना सूज येणं हा त्याचा गंभीर दुष्परिणाम. औषध चालू असताना कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर हवा बदलली असेल म्हणून घरी थांबू नका.

ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे काहीच उपाय नाही, असं कुणीतरी सांगितलं.

चुकीचं सांगितलं. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नाहीत, म्हणून त्या तिघांवरची औषधं चालत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. हा प्रकार वेगाने वाढतो, तरुण वयात जास्त दिसतो आणि परत आलाच तर बहुधा पहिल्या तीन-चार वर्षांत येतो. भारतात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत चारांतली एक गाठ किंवा त्याहून थोड्या अधिक ट्रिपल निगेटिव्ह निघतात.

पण किमोला हा प्रकार चांगला विरघळतो. म्हणून आता ऑपरेशनआधी किमो देतात आणि काढलेल्या भागात जिवंत पेशी उरल्या का ते आम्ही शोधतो. एकही उरली नसेल तर पुढचा प्रवास बराच सुरक्षित असतो. २०२१ मध्ये अमेरिकेत या किमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब द्यायला मान्यता मिळाली. आपल्या टी-पेशींवर (या प्रतिकारपेशीच) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि कॅन्सरपेशी तो दाबून धरतात. हे औषध तो ब्रेक सोडवतं. कीनोट-५२२ चाचणीत पूर्ण विरघळलेल्या गाठींचं प्रमाण ५१.२ वरून ६४.८ टक्क्यांवर गेलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८१.७ वरून ८६.६ टक्क्यांवर. ब्रेक सुटलेल्या पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यांवर, कधी यकृतावर चालून जातात, म्हणून रक्ततपासण्या मागे लागतात.

पेम्ब्रोलिझुमॅब परवडणारे इथे फार थोडे. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलचा एक अभ्यास मला आपल्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. त्यात ऑपरेशनआधीच्या किमोत कार्बोप्लॅटिन वाढवलं, आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना जगण्यात फायदा दिसला. कार्बोप्लॅटिन जुनं, स्वस्त आणि सरकारी रुग्णालयातही मिळणारं औषध आहे. आजार पसरल्यावर सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन हे, ट्रॉप-२ या प्रथिनाला शोधणारं, वर सांगितलं तशाच घडणीचं औषधही आहे.

ट्रिपल निगेटिव्ह आलं की बीआरसीए या, वारशाने येणाऱ्या दोषाच्या तपासणीबद्दल विचारा. विसरू नका.

बीआरसीए तपासणी कुणी करायची? आईला कॅन्सर होता म्हणजे मलाही होणार का?

नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत आजार वारशाने आलेला नसतो. ५ ते १० टक्क्यांत असतो, आणि त्यात बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही दोन नावं मुख्य. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं की काही कुटुंबांतल्या आजाराची जागा १७व्या क्रोमोसोमवर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती आलं. बीआरसीए-२ हे १३व्या क्रोमोसोमवर.

या जनुकांचं काम डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते बिनचूक जोडायचं. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. तीही एखाद्या पेशीत गेली की चुका साठत जातात. अशा स्त्रीला वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के, आणि बीजकोशाचा धोकाही वाढतो.

पार्प इनहिबिटर या औषधांनी ही कमजोरीच उलट वापरली. पार्प हे डीएनएच्या लहान जखमा बुजवणारं एन्झाइम. गावाला दोन रस्ते असावेत, एक आधीच पुरात वाहून गेलेला, आणि आपण दुसराही बंद करावा, तसं हे आहे. बीआरसीएचा रस्ता नसलेली कॅन्सरपेशी पार्प बंद झालं की मरते. निरोगी पेशीकडे एक रस्ता शिल्लक असतो, ती तगते. ओलापॅरिब हे त्यातलं प्रमुख औषध. पसरलेल्या आजारात २०१८ पासून त्याला मान्यता आहे. २०२१ च्या ऑलिंपिया चाचणीत, सुरुवातीच्या पण जास्त धोक्याच्या आजारात, ते वर्षभर दिल्यावर तीन वर्षांनी आजारमुक्त असणारे ८५.९ टक्के होते. न दिलेल्यांत ७७.१.

तपासणी रक्तावर होते. ट्रिपल निगेटिव्ह, कमी वयात झालेला आजार, दोन्ही स्तनांत आजार, पुरुषाला झालेला आजार किंवा जवळच्या नात्यात स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर असेल, तर डॉक्टरांशी बोला. नातं मोजताना वडिलांकडची आत्या आणि आजीही मोजा. लोक फक्त मावशा मोजतात. हे जनुक बापाकडूनही येतं, आणि मुलालाही जातं. आधी आजारी व्यक्तीची तपासणी करायची, दोष सापडला तरच बहिणी-मुलांची. रिपोर्टमध्ये कधी 'अर्थ निश्चित नसलेला बदल' असं येतं. त्यावर कुणी अवयव काढायला सांगितलं तर दुसरं मत घ्या.

रिपोर्ट लपवण्याबद्दल एक बोलायचं आहे. "मुलीचं लग्न व्हायचं आहे, कागदावर नका लिहू," असं मला सांगितलं जातं. लग्नाची भीती खोटी नाही, आपल्या समाजात ती खरीच आहे. पण ज्या मुलीसाठी लपवता, तिलाच ती माहिती सगळ्यात आधी लागणार आहे. बाहेर सांगू नका, मुलीला सांगा.

पाल्बोसायक्लिब, रायबोसायक्लिब ही किमोच्या गोळ्या आहेत का?

नाहीत. वर सायक्लिन डी-१ म्हटलं होतं. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या एन्झाइमना सोबत घेऊन पेशीला विभाजनाच्या दारातून आत ढकलतं. दारावर आरबी नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं, त्याला ही जोडी निष्क्रिय करते. या गोळ्या सीडीके-४ आणि ६ बंद करतात, पहारा टिकतो, पेशी थांबते. पेशी कशी विभागते याच्या मूलभूत शोधांसाठी २००१ चं नोबेल मिळालं होतं, यीस्ट आणि समुद्रसाळूच्या अंड्यांवरच्या कामाला. तेव्हा त्यातून एवढी वापरातली औषधं निघतील असं किती जणांना वाटलं असेल!

ही औषधं ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, पसरलेल्या आजारात हार्मोनच्या गोळीसोबत देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत लेट्रोझोलला रायबोसायक्लिबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ५१.४ वरून ६३.९ महिने झालं. अबेमासायक्लिब आणि रायबोसायक्लिब आता जास्त धोक्याच्या सुरुवातीच्या आजारातही वापरतात. पाल्बोसायक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या. किंमत इतकी उतरली की आधी विषयही न काढणारे डॉक्टर आता ती लिहून देतात. पाल्बो आणि रायबो २१ दिवस घ्यायच्या, ७ दिवस सुट्टी. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केल्याशिवाय पुढची पाकिटं उघडू नका.

काही काळाने पेशी वाट काढतेच. ईआर बनवणारं ईएसआर-१ जनुक बदलतं आणि रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच चालू राहतो. किंवा पीआयके३सीए या जनुकात बदल असतो, तो ईआर पॉझिटिव्ह गाठींपैकी सुमारे ४० टक्क्यांत सापडतो. पहिल्यासाठी एलासेस्ट्रंट, दुसऱ्यासाठी अल्पेलिसिब आणि कापिवासर्टिब अशी औषधं निघाली आहेत. हे बदल रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएतूनही शोधता येतात. अल्पेलिसिबने रक्तातली साखर भलतीच चढते. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

२१ जनुकांची तपासणी करून किमो टाळता येते म्हणे?

काहींची टळते. ही तपासणी गाठीतल्या जनुकांवरून आजार परत येण्याच्या धोक्याचा गुणांक काढते. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकर सापडलेला आजार असेल तर. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीत, काखेतल्या लसिका ग्रंथींत आजार नसलेल्या आणि मधला गुणांक आलेल्या, पन्नाशीपुढच्या स्त्रियांना किमोने जादा फायदा झाला नाही. तपासणी महागडी, नमुना परदेशी जातो. बेंगळुरूत तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही तुलनेने स्वस्त चाचणीही आहे. ट्रिपल निगेटिव्हला किंवा हर-टू पॉझिटिव्हला यापैकी कशाचाही उपयोग नाही, कुणी सुचवली तर नाही म्हणा.

सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो का?

नाही. बायोप्सी न करता गाठ काढणं जास्त घातक, कारण मग आधी औषध द्यायची संधीच जाते.

उलट एक सुई फायद्याची निघाली. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने भारतातल्या ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर चाचणी केली. ऑपरेशनची कात्री लागण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचायचं. हे तेच भूल देणारं औषध, जे दंतवैद्याकडेही असतं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशींच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटा बंद झाल्यामुळे, ऑपरेशनच्या धक्क्यात त्यांची स्थलांतराची ताकद कमी होते, असा त्यामागचा विचार आहे. खर्च नगण्य. आपल्या सर्जनला याबद्दल विचारायला हरकत नाही.

तुकडा आम्हीच प्रयोगशाळेत नेऊन द्यायचा आहे. काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

शरीरातून निघालेला तुकडा तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे. फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, डबी रुंद तोंडाची हवी. त्यात तो किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. कमी वेळ राहिला तर ईआर असूनही नाही असा रिपोर्ट येऊ शकतो. पूर्ण स्तन काढला असेल तर तो नुसता बुडवून चालत नाही, त्याला काप द्यावे लागतात, नाहीतर आतली गाठ सडत राहते.

आमच्याकडे काय येतं? सलाइनच्या पाण्यात ठेवलेला तुकडा. कोरड्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा. अहेरीकडून रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी गणेशपेठला उतरलेला, पिशवीत शेंगदाण्यांशेजारी ठेवलेला तुकडा. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सलाइनमधल्या पेशी काही तासांत विरघळू लागतात. मग दुर्बिणीखाली जे दिसतं त्यावर हर-टूचं मत देणं म्हणजे अंदाज. यात नातेवाइकांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ऑपरेशनआधी एवढं विचारा: फॉर्मलिन आहे का? नसेल तर प्रयोगशाळेतून डबी आधीच घेऊन जा. आम्ही देतो. डबीवर नाव आणि काढल्याची वेळ लिहून घ्या.

तुकड्याचा पुढे मेणाचा ब्लॉक होतो. फिश, जनुकांची तपासणी, दुसरं मत, सगळं त्याच ब्लॉकवर. रिपोर्टसोबत ब्लॉकचा नंबर लिहून ठेवा, गरज पडली तर रीतसर अर्ज देऊन ब्लॉक मागता येतो. आणि तो नेताना उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण साठेक अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्यापुढे जातो.

यासाठी मुंबईला जावंच लागेल का?

बहुतेकांना नाही. तुकडोजी चौकाजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स, शिवाय धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं, अशी सोय शहरात आहे. ऑपरेशन, किमो, विजेचा शेक (रेडिएशन) इथेच होतात. किमो महिनोन् महिने चालते, शेक रोज घ्यावा लागतो. तेवढे दिवस परळच्या फुटपाथवर काढण्यापेक्षा घराजवळ उपचार पूर्ण होणं जास्त मोलाचं.

शंका असेल तर माणसाऐवजी ब्लॉक मुंबईला पाठवा. स्लाइड आणि ब्लॉकवर दुसरं मत मिळतं, आणि विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट वाचतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं औषध त्या यादीत बसतं का हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नाही.

ट्रायलमध्ये घेतो म्हणतात. आमच्यावर प्रयोग करतील का?

प्रयोगच असतो, पण नियमांतला. भारतात चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. नैतिक समितीची मंजुरी लागते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, सावकाश वाचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. कधीही बाहेर पडता येतं. या पानावरची औषधांच्या फायद्याची प्रत्येक टक्केवारी अशाच कुणीतरी सही केल्यामुळे हाती आली. पण फक्त फुकट औषधासाठी घाईत सही करू नका.

हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. चालेल ना?

भाजीतली हळद चालेल. कॅप्सूल नको. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं शिरत नाही, आणि मिरीच्या अर्कासोबतच्या कॅप्सूलने टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप रक्तात काही प्रमाणात उतरतं, हे दिसलं आहे. नैराश्यावरची पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधंही टॅमॉक्सिफेनच्या आड येतात. बाहेरचं जे काही घेता ते डॉक्टरांना दाखवा, ओरडा बसला तरी.

पुरुषांना होतो का?

होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्ह. लाजेपायी उशिरा येतात. बीआरसीए-२ तपासायला हवं.

सहा वर्षांनी हाडात परत आला आहे. जुना आयएचसी रिपोर्ट चालेल का?

शक्य असेल तिथे नव्याने बायोप्सी करा. मधल्या काळात गाठ बदललेली असू शकते. ईआर गेलेला असतो, कधी हर-टू नव्याने आलेला असतो, आणि सहा वर्षांपूर्वी 'हर-टू लो' हा प्रकारच कुणी मोजत नव्हतं. जुना ब्लॉकही सोबत आणा, दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.

हाडाच्या बायोप्सीत एक अडचण असते. हाड कापता यावं म्हणून त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, आणि त्यासाठी वापरलेलं तीव्र अ‍ॅसिड प्रथिनं आणि डीएनए दोन्ही बिघडवतं. मग रिसेप्टर खोटे निगेटिव्ह येतात आणि जनुकांची तपासणी होतच नाही. म्हणून फॉर्मवर 'स्तनाच्या कॅन्सरची जुनी रुग्ण, रिसेप्टर करायचे आहेत' असं स्पष्ट लिहून घ्या. मग आम्ही मऊ भाग आधीच वेगळा काढतो आणि उरलेल्याला अ‍ॅसिडऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनात ठेवतो. त्याला काही दिवस जास्त लागतात. रिपोर्ट का आला नाही म्हणून तिसऱ्या दिवशी फोन केलात तर मी हेच सांगेन.